महाडच्या बाजारात दुरुस्त होईल असे यंत्र

स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनाल्ड मिचेल १८२३ साली कोकणात आले आणि त्याच वर्षी वारले. त्यांच्यामागून आलेल्यांनी बाणकोट-हर्णै पट्ट्यात शाळा काढल्या. बाणकोटला सावित्री समुद्राला मिळते आणि भरतीच्या पाण्यावर होड्या थेट महाडपर्यंत येत. पुस्तके वर न्यायला वाट होती, वाचणारे मात्र थोडे. म्हणून आधी पाटी-पेन्सिल.

आज त्याच खोऱ्यात शाळा आहेत, मोबाइलही आहेत. पण पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतली कर्ती माणसे मुंबईला असतात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना बारीक टाइप दिसत नाही, आणि रेंजसाठी टेकाड चढावे लागते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, तेव्हा महाड पाण्यात होते. वीज गेलेली, फोन बंद. इंटरनेटवर उभी केलेली सेवा अशा दिवशी, नेमकी धीराच्या शब्दांची गरज असताना, मुकी होते.

खेड्यापाड्यांत श्राव्य, म्हणजे ध्वनिमुद्रित बायबल पोचवण्याचे काम करणाऱ्यांनी म्हणूनच जॉय रिडरहॉफ यांची आठवण ठेवावी. लॉस एंजेलिसमध्ये १९३९ साली त्यांनी गॉस्पेल रेकॉर्डिंग्ज ही संस्था सुरू केली. तिने पुढे काढलेला कार्डटॉक म्हणजे दुमडलेला पुठ्ठा आणि त्याला एक सुई. तबकडीच्या भोकात काडी घालून ती हाताने फिरवायची, की आवाज उमटे. हात मंदावला की आवाज जाड होई, घाई केली की चिरका. तरीही लहान मूलसुद्धा तो चालवू शके, आणि वीज लागतच नसे.

हीच कसोटी आजच्या यंत्रालाही लावावी. सौरपट्टीचे स्पीकर दिसायला देखणे, पण आषाढ-श्रावणात सह्याद्रीच्या कुशीत ऊन कुठून आणणार? त्यापेक्षा बीएल-५सी बॅटरीवर चालणारा, मेमरी कार्ड घेणारा साधा स्पीकर बरा. ही बॅटरी जुन्या साध्या फोनांचीच. ती काढता येते आणि मोबाइलच्या दुकानात मिळते. बोललेला मजकूर ३२ केबीपीएस मोनोत ठेवला, तर तासाला जेमतेम १५ एमबी लागतात. वीस तासांचे वाचन ३०० एमबीत बसते. संगीताचा थाट कमी करा, शब्द स्पष्ट ठेवा. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले बायबलचे भाषांतर साध्या माणसाला कळेल अशा मराठीत बेतले होते, आणि तो ग्रंथ केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापला गेला. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी तोच आग्रह धरावा. कातकरी वाडीसाठी तर वाचणारा आवाज त्या वाडीतलाच हवा.

आणखी एक गोष्ट, कदाचित सगळ्यांत महत्त्वाची. यंत्र फुकट वाटू नये. फुकटच्या वस्तूभोवती संशय जमतो, आणि तो रास्तही असतो. ज्या कुटुंबाने किंवा मंडळीने मागितले, त्यांनी थोडे पैसे घालून ते घ्यावे, म्हणजे बिघडल्यावर ते स्वतःच दुकान गाठतील. ज्याला ऐकायचे नाही, त्याच्या अंगणापर्यंत आवाज जाऊ नये एवढी काळजीही घ्यावी.

मे महिन्यात मुंबईकर गावी येतात. मेमरी कार्डे तयार ठेवायची ती तेव्हा. मात्र प्रती काढण्याआधी ध्वनिमुद्रणाचे हक्क ज्या संस्थेकडे आहेत, तिची लेखी परवानगी घ्यावी, आणि प्रत्येक कार्ड एकदा साध्या, बटणांच्या फोनमध्ये घालून शेवटपर्यंत वाजते ना, हे पाहावे.