तरंगांची व्याख्या नंतर, आधी दोरी हातात द्या!



'तरंग म्हणजे काय?' असं विचारलं की पाठ केलेली मुलं एका दमात व्याख्या म्हणून दाखवतात. गुणही पूर्ण मिळतात. आता त्याच मुलांना विचारा, 'तळ्याच्या मधोमध चेंडू पडलाय. पाण्यात दगड टाकून लाटा केल्या, तर चेंडू काठाला येईल का?' बरीच मुलं 'हो' म्हणतील. लाट पुढे जाते म्हणजे पाणीच पुढे जातं, असं त्यांना वाटतं. खरं तर लाट चेंडूच्या खालून निघून जाते आणि चेंडू जवळजवळ तिथंच वरखाली होत राहतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की हा पाठ व्याख्येपासून सुरू करूच नये.

कपडे वाळत घालायची दोरी घ्या. मधोमध लाल रिबीन बांधा. दोन मुलांना दोन टोकं धरायला सांगा आणि एकाला दोरीला झटका द्यायला लावा. झटका दोरीवरून धावत जातो आणि दुसऱ्याच्या हाताला हिसका बसतो. मग विचारा, 'रिबीन कुठं गेली?' कुठंच नाही! ती वरखाली झाली आणि जागेवर राहिली. 'मग हाताला काय लागलं?' इथं वर्ग विचारात पडतो. इथंच थांबा, उत्तर सांगायची घाई करू नका. दोरी गेली नाही, रिबीन गेली नाही, तरी काहीतरी पोहोचलं. ते जे पोहोचलं, ती ऊर्जा. आता फळ्यावर व्याख्या लिहा, ती मुलांना आपलीच वाटेल.

झटका मोठा दिला की हिसकाही जोरात बसतो. जागेपासून दोरी जितकी वर उचलली जाते, तो आयाम. तितक्याच वेगाने हलवून आयाम दुप्पट केला, तर तरंगातली ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. हे वरच्या वर्गांना जरूर सांगा.

आवाजाचंही तसंच. फुटक्या फुग्याचं रबर वाटीवर ताणून बांधा, वर चिमूटभर रवा टाका आणि जवळ थाळी वाजवा. रवा नाचतो. थाळीजवळची हवा वाटीपर्यंत वाहत आली नाही, हवेचे कण जागच्या जागी पुढेमागे हलले आणि ऊर्जा पुढे देत गेले. प्रकाशाला मात्र माध्यमही लागत नाही. सूर्याची ऊर्जा मोकळ्या अवकाशातून साधारण ८ मिनिटांत आपल्यापर्यंत येते.

एखादं हुशार पोरगं विचारेल, 'मग समुद्रावर लाट चप्पल कशी वाहून नेते?' शाबासकी द्या त्याला. उथळ पाण्यात लाट फुटते, तेव्हा पाणी खरंच पुढे सरकतं.

हे समजणं किती महत्त्वाचं आहे, ते २६ डिसेंबर २००४ ला जगाने पाहिलं. सुमात्राजवळ समुद्रतळ हादरला आणि साधारण अडीच तासांत त्सुनामी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आली. ४ किलोमीटर खोल पाण्यात अशी लाट ताशी सुमारे ७०० किलोमीटर वेगाने जाते, पण तिची उंची मीटरभरही नसते. नावेतल्या माणसाला कळतसुद्धा नाही. पाणी १० मीटर खोल उरलं की वेग ताशी ३६ किलोमीटरवर येतो. पुढचा भाग मंदावतो, मागचा अजून वेगात असतो. मग तीच ऊर्जा कमी जागेत दाटते आणि लाट उंच होते. त्या दिवशी दोन लाखांहून जास्त माणसं गेली.

त्याच दिवशी थायलंडच्या फुकेत बेटावर टिली स्मिथ ही १० वर्षांची इंग्लिश मुलगी सुट्टीसाठी आली होती. दोनच आठवड्यांपूर्वी शाळेत भूगोलाच्या तासाला तिला त्सुनामी शिकवली होती. फेसाळलेलं, विचित्र हलणारं पाणी बघून तिने ते ओळखलं आणि आईवडिलांना सांगितलं. किनारा रिकामा झाला आणि शंभराच्या आसपास माणसं वाचली. तिथं व्याख्या म्हणून दाखवून काय उपयोग झाला असता? पाहिलेलं आणि समजलेलं होतं, तेच कामी आलं.

'पोर्शन कधी संपवायचा?' हा प्रश्न मलाही पडतो. पण दोरीला एकच तास लागतो. न समजलेली व्याख्या मात्र दरवर्षी नव्याने पाठ करून घ्यावी लागते. मग वेळ नक्की कुठं वाया जातो, सांगा बरं?

पालकांना एवढीच विनंती आहे. मूल घरी आलं की 'किती गुण?' याच्या आधी 'आज काय करून पाहिलंस?' असं विचारा. दोरी तर घरातही असतेच.