जहाज पाहताना खालचे मजलेही पाहावेत

पावसाळा सरला की मुरगाव बंदरात पर्यटकांची मोठी जहाजे येऊ लागतात. हार्बरच्या रस्त्याने जाताना मुले बसच्या खिडकीतून माना बाहेर काढतात आणि मजले मोजू लागतात. कोणी बारा म्हणतो, कोणी चौदा. निबंधाच्या वहीतही हे जहाज पांढरेशुभ्र, दिव्यांनी लखलखणारे, पोहण्याचा तलाव आणि सिनेमागृह असलेले असेच उतरते. मुलांचे कौतुक वाटते. मात्र त्या वर्णनात एक गोष्ट हमखास राहून जाते. बंदरातून जे मजले मोजता येतात त्यांच्या खालीही मजले असतात आणि गोव्याच्या कितीतरी घरांचा संसार त्या खालच्या मजल्यांवर चाललेला असतो.

आपल्यापैकी मोजकीच कुटुंबे अशा जहाजावर प्रवासी म्हणून जातात. ‘बोटीवर’ काम करणारा मामा, काका किंवा शेजारी मात्र जवळजवळ प्रत्येक वाड्यावर आहे. तारवटी हा शब्द गोव्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. म्हणूनच या विषयावर आमचे मत स्पष्टपणे मांडावेसे वाटते. जहाज चांगले की वाईट हे त्याच्या झुंबरावरून ठरवू नये. संकटात सर्वांना सुखरूप उतरवण्याची तयारी किती आहे आणि सेवा करणाऱ्या माणसाला विश्रांती व सन्मान किती मिळतो, या दोन गोष्टींवरून ते ठरवावे. प्रवासी म्हणून जाणाऱ्याने हे पाहावे, नोकरीला जाणाऱ्याने तर पाहावेच, आणि ते कसे पाहायचे हे शाळेने शिकवावे.

आधी या जहाजांची थोडी ओळख करून घेऊ. समुद्रावर केवळ मौजेसाठी फिरायला जाणे ही कल्पना तशी जुनी नाही. हिवाळ्यात अटलांटिक महासागरावरचे प्रवासी कमी होत आणि मोठी जहाजे रिकामी पडत. हँबुर्गच्या एका जहाज कंपनीचे आल्बर्ट बालिन यांनी १८९१ च्या जानेवारीत ‘ऑगुस्टा व्हिक्टोरिया’ ही आगबोट भूमध्य समुद्राच्या सफरीला पाठवली. पोहोचायचे कुठेच नव्हते, फक्त फिरून परत यायचे होते. लोकांनी बालिन यांना हसून घेतले. पण सफर यशस्वी झाली. पुढे १९५८ पासून जेट विमाने अटलांटिक ओलांडू लागली, सहा दिवसांचा प्रवास काही तासांवर आला आणि प्रवासी आगबोटींचे दिवस संपत आले. ज्या कंपन्यांना टिकायचे होते त्यांनी जहाजालाच मुक्कामाचे ठिकाण केले. ‘फ्रान्स’ हे १९६२ साली सेवेत आलेले भव्य जहाज १९८० मध्ये ‘नॉर्वे’ या नावाने कॅरिबियन समुद्रात सहलींसाठी फिरू लागले ते याच बदलातून.

आज हा प्रकार कुठवर गेला आहे ते पाहा. फिनलंडमधल्या तुर्कू येथे बांधलेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघाले. त्याची लांबी ३६५ मीटर आहे, मजले २० आहेत, पोहण्याचे तलाव ७ आहेत. पूर्ण भरले तर सुमारे ७,६०० प्रवासी आणि त्यांच्या दिमतीला सुमारे २,३५० कर्मचारी. म्हणजे दहा हजार माणसांचे तरंगते गावच.

असे गाव पाण्यावर उभे करणे हे मोठे कसब आहे, आणि आमच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी त्याकडे जरूर लक्ष द्यावे. इंजिने, इंधन, पाण्याच्या टाक्या, कपडे धुण्याची यंत्रे, कोठारे असे सगळे वजनदार सामान तळाशी ठेवतात. वरचे मजले होईल तितके हलके बांधतात, नाहीतर उंच जहाज डोलू लागेल. दोन्ही कुशींना माशाच्या परांसारखे पंख असतात. जहाज एका बाजूला कलू लागले की यंत्रे त्या पंखांचा कोन बदलतात आणि प्रवाशाच्या पेल्यातले पाणी हिंदकळत नाही. खोल्या बऱ्याचदा बाहेर कारखान्यात तयार होतात आणि खण बसवावा तशा सांगाड्यात सरकवल्या जातात. २००९ साली आलेल्या ‘ओअ‍ॅसिस ऑफ द सीज’ या जहाजाचा मधला भाग आभाळाकडे मोकळा ठेवून तिथे खरी झाडे लावली. त्यामुळे आतल्या बाजूच्या खोल्यांनाही सज्जा मिळाला.

ही झाली प्रवाशाला दिसणारी रचना. न दिसणारी रचनाही तितकीच विचारपूर्वक केलेली असते. बऱ्याच मोठ्या जहाजांच्या खालच्या भागात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा लांबच लांब बोळ असतो. अमेरिकेतल्या महामार्गावरून कर्मचारी त्याला ‘आय-९५’ म्हणतात. भाजीच्या पेट्या, चादरींच्या गाड्या, कचरा आणि पाळीवर निघालेली माणसे यांची तिथे अखंड ये-जा असते. प्रवाशाला हा बोळ कधी दिसत नाही. संध्याकाळी तो खोलीत येतो तेव्हा अंथरूण नीट झालेले असते आणि टॉवेलची घडी करून बनवलेला हत्ती उशीवर बसलेला असतो. जणू सगळे आपोआप झाले. ही सेवा आपोआप होत नाही. ती करणारा मुलगा पहाटे उठलेला असतो, त्याची स्वतःची खोली पाण्याच्या रेषेच्या आसपास असते, खोलीत बहुधा आणखी एक जण असतो, आणि सहा ते नऊ महिन्यांच्या करारात त्याला पूर्ण सुट्टीचा दिवस क्वचितच मिळतो.

यावर कोणी म्हणेल, “प्रवासी पैसे मोजतो, कर्मचारी पगार घेतो. त्यात आम्ही खालच्या मजल्यांची चिंता का करावी?” प्रश्न चुकीचा नाही. त्याचे उत्तर माणुसकीत तर आहेच, पण निव्वळ व्यवहारातही आहे. दुपारी जेवण वाढणारा हाच मुलगा संकटाची घंटा वाजली की जीवरक्षक बोटीशी उभा राहतो. जहाजावर प्रत्येक कर्मचाऱ्याला आणीबाणीतले काम नेमून दिलेले असते. तो थकलेला असेल, त्याला नीट शिकवलेले नसेल किंवा प्रवाशांनी त्याचे ऐकण्याची सवयच लावून घेतली नसेल, तर त्याची किंमत वरच्या मजल्यावरचा माणूसच चुकवतो.

इतिहासात याचे दाखले आहेत. ‘टायटॅनिक’ १९१२ च्या एप्रिलमध्ये बुडाले तेव्हा त्यावर २,२०० हून अधिक माणसे होती आणि बोटींमध्ये जागा होती १,१७८ जणांची. गंमत नव्हे, दुर्दैव असे की तेवढ्या बोटीही तेव्हाच्या ब्रिटिश नियमापेक्षा जास्तच होत्या. नियम जहाजाच्या आकारावर ठरला होता, माणसांच्या संख्येवर नव्हे, आणि तो झाला तेव्हा एवढी मोठी जहाजेच नव्हती. सुमारे १,५०० जीव गेल्यावर १९१४ मध्ये समुद्रावरील सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आज देशोदेशी जाणाऱ्या प्रवासी जहाजावर बोटी आणि तराफे मिळून एकूण माणसांच्या सव्वापट जागा ठेवावी लागते.

पण बोटी असून भागत नाही. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळले. जहाज सोडण्याचा हुकूम तासाभराहून अधिक उशिरा निघाला. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण ती चोवीस तासांत उरकली तरी चाले. किनारा हाकेच्या अंतरावर असताना ३२ जण दगावले. त्यांत मुंबईकडचा एक वेटरही होता. त्याचे अवशेष २०१४ च्या नोव्हेंबरात, सर्वांत शेवटी सापडले. त्यानंतर नियम बदलला. २०१५ पासून कवायत जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणीच घ्यावी लागते.

आपल्या किनाऱ्यालाही हा धडा नवा नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. मुंबई-पणजी आगबोटीच्या डेकवर पथारी टाकून रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे मोजत आलेली आजोबा-आजींची पिढी आपल्यात अजून आहे. त्या बोटीवर ना तलाव होता ना नाचगाणे. सुखरूप पोहोचलो एवढेच त्या प्रवासाचे सुख. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही सहलीची बोट सुरू झाली तेव्हा अनेकांना त्या दिवसांची आठवण झाली. बोटी बदलल्या, सोयी वाढल्या, समुद्र मात्र तोच आहे.

आता नोकरीविषयी. या बाबतीत आपल्या समाजात दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणते, “एवढे शिकून बोटीवर भांडी घासायला जाणार?” दुसरे म्हणते, “डॉलरमध्ये पगार आहे, शाळा अर्धवट राहिली तरी चालेल.” आम्हाला दोन्ही मते मान्य नाहीत. शेकडो अनोळखी माणसांचे जेवण वेळेवर, गरम आणि स्वच्छ वाढणे, कोणाला कोणता पदार्थ सोसत नाही हे लक्षात ठेवणे, चिडलेल्या पाहुण्याला शांत करणे ही हलकी कामे नव्हेत. अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या जहाजांच्या स्वच्छतेची तिथले आरोग्य खाते अचानक तपासणी करते आणि शंभरपैकी गुण देते. ८५ किंवा त्याहून कमी मिळाले तर जहाज नापास. त्या परीक्षेला आपली मुले बसतात आणि उत्तीर्ण होतात. त्यांच्या कामाला नाक मुरडण्याचा अधिकार कोणालाच नाही.

पण मुलाला अर्ध्या माहितीवर पाठवणे हेही प्रेम नव्हे. पालकहो, कृपया पुढील गोष्टी विचारल्याशिवाय सही करू देऊ नका. भरती करणाऱ्या एजंटकडे केंद्र सरकारच्या नौवहन खात्याचा परवाना आहे काय? आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार २०१३ पासून अमलात आहे आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला आहे. त्यानुसार नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. पासपोर्ट, खलाशी पुस्तिका आणि वैद्यकीय दाखला यांचा खर्च तेवढा त्याने करायचा. नोकरीचा करार लेखी हवा आणि सही करण्याआधी तो वाचायला वेळ मिळायला हवा. दिवसाच्या चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती हा त्याचा हक्क आहे. घरी परत पाठवण्याची जबाबदारी मालकाची आहे. हे ठाऊक असलेला मुलगा आणि ठाऊक नसलेला मुलगा यांच्या आयुष्यात फार अंतर पडते.

ते अंतर २०२० साली सर्वांनी पाहिले. फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ अडकले. त्यावरच्या ३,७११ जणांपैकी सातशेहून अधिक लोकांना कोरोनाची लागण झाली. प्रवाशांना खोलीतच थांबायला सांगितले होते. त्यांच्या दारापर्यंत जेवणाचे ताट नेणारे कर्मचारी मात्र एकत्र राहत होते, एकत्र जेवत होते. त्यावरच्या १३८ भारतीयांपैकी १३२ जण कर्मचारी होते. पुढे त्या उन्हाळ्यात जगभरच्या जहाजांवर खलाशी अडकून पडले आणि गोव्यात कितीतरी घरी फोनची वाट पाहण्यात दिवस गेले. सेवा या शब्दाचा अर्थ त्या दिवसांत कळला.

म्हणून विश्वस्त मंडळाकडे आमचे तीन साधे मागणे आहे. पहिले, समुद्राकाठच्या या शाळेतला प्रत्येक विद्यार्थी दहावी होईपर्यंत पोहायला शिकावा. दुसरे, सुट्टीवर घरी आलेल्या आपल्याच माजी विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा बोलवावे आणि त्यांनी पगाराबरोबर पाळीचे तास, एकटेपणा आणि आगीची कवायत यांबद्दलही मुलांशी मोकळेपणाने बोलावे. तिसरे, बारावीच्या मुलांना नोकरीचा करार वाचायला शिकवावे. कलम म्हणजे काय, मुदत कोणती, कपात कशाची, हे इंग्रजीच्या एका तासात शिकवता येईल. खर्च फारसा नाही, मनावर घेण्याचा प्रश्न आहे.

आणि जी कुटुंबे प्रवासी म्हणून जाणार आहेत त्यांनाही विनंती. कवायतीच्या वेळी फोटो काढत बसू नका, आपली बोट कोणती ते मुलांना दाखवा. बुफेवर पोटापुरतेच वाढून घ्या. खोली आवरणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी असते, ती वाचा आणि त्याला नावाने हाक मारा. तो कदाचित फोंड्याचा असेल, कदाचित मनिलाचा. दोन्हीकडे त्याची आई त्याची वाट पाहत असते.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी बंदरात जहाज दिसेल तेव्हा मजले जरूर मोजा. मात्र पाण्याच्या रेषेजवळ ज्या बारीक गोल खिडक्या दिसतात, तिथून मोजायला सुरुवात करा.