अन्नदात्यांनो, उंची-वजनाची वही मागा

अनाथाश्रमातल्या मुलांच्या खुंटलेल्या वाढीचा विषय निघाला की तीन उत्तरं ठरलेली असतात. मुलं येतानाच कुपोषित येतात. आमच्याकडे अन्नाला तोटा नाही. आणि सरकारने अनुदान वाढवलं की उरलंसुरलंही सुधारेल. तिन्हींत तथ्य आहे. म्हणूनच ती इतकी वर्षं खपून गेली.

पहिलं उत्तर. टाकून दिलेलं, अपुऱ्या दिवसांचं, दारिद्र्यातून आलेलं मूल अशक्त असणारच. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आहेत, असं पाचवी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. ती तर घरांत वाढणारी. पण रोगी आजारी होऊनच येतो, एवढं सांगून कुठला दवाखाना सुटतो? वर्षभरानंतर ते मूल वाढीच्या तक्त्यावर कुठे पोचलं, हा खरा सवाल आहे. ज्या संस्थेकडे प्रवेशाच्या दिवशीची उंची-वजनाची नोंदच नाही, तिने ‘येतानाच तसं होतं’ असं कशाच्या आधारावर म्हणावं?

दुसरं उत्तर अन्नदानाच्या भरवशावर उभं आहे. वाढदिवस, पुण्यतिथी, पितृपक्ष. त्या दिवशी पुरी-भाजी आणि जिलेबी, एरवी पातळ वरण. दात्यांच्या भावनेवर शंका नाही. पण आठ महिन्यांच्या बाळाला पंगतीचा काय उपयोग? त्याला घट्ट खिमट थोडं थोडं, दिवसातून अनेकदा, कुणीतरी मांडीवर घेऊन भरवावं लागतं. सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल एक वाटी संपवायला अर्धा तासही घेतं. एका आयेकडे दहा लेकरं असली की बाटली उशीला टेकवली जाते, घास घाईने कोंबला जातो, ठसका लागतो आणि वाटी तशीच उचलली जाते. कोठीत तांदळाची पोती असतानाही मूल उपाशी राहतं ते असं.

तिसरं उत्तर पैशाचं. मिशन वात्सल्यच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत संस्थेतल्या मुलाच्या निर्वाहासाठी दरमहा ३००० रुपये धरले आहेत, म्हणजे दिवसाला शंभर. हे अपुरं आहे, वाढलंच पाहिजे. पण केवळ ताटात भर पडल्याने मूल वाढतंच असं नाही. १९४८ साली जर्मनीतल्या वुपरताल शहरात एल्सी विडोसन या आहारशास्त्रज्ञ दोन अनाथाश्रमांतल्या मुलांची नियमित वजनं घेत होत्या. सहा महिने दोन्हीकडे शिधा सारखाच होता. पुढे एका आश्रमाला जादा पाव, जॅम आणि संत्र्याचा रस सुरू झाला. नेमकी त्याच सुमारास तिथली प्रेमळ अधीक्षिका गेली आणि दुसऱ्या आश्रमातली कडक बाई तिच्या जागी आली. ही बाई जेवणाच्या वेळीच मुलांना चारचौघांत झापायची. जादा खाणाऱ्या मुलांचं वजन कमी वाढलं. ही कडक बाई जिथून आली होती, तिथल्या मुलांचं नुसत्या शिध्यावर जास्त वाढलं. बाईंच्या लाडक्या आठ मुलांना मात्र जादा अन्न चांगलंच मानवलं!

हे परदेशातलं, जुनं, म्हणून झटकता येणार नाही. सततच्या ताणाने मुलाचं वाढीचं संप्रेरक मंदावतं आणि वातावरण बदललं की पुन्हा स्रवू लागतं, हे वैद्यकाला ठाऊक आहे. या शतकाच्या सुरुवातीला बुखारेस्टमध्ये संस्थांतल्या १३६ मुलांपैकी निम्मी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून पालक-कुटुंबांत दिली गेली. वर्षभरात त्यांची उंची आणि वजन सर्वसाधारण मुलांच्या जवळ आलं; संगोपन जितकं चांगलं, तितकी भर अधिक. याचा अर्थ मायेने अंड्याची उणीव भरून निघते असा कुणी काढू नये. अंडं लागतंच, ते पोटात जाऊन अंगी लागायला भरवणारं माणूसही लागतं.

तेव्हा मागणी अशी. मूल दाखल होताच उंची-वजन घ्यावं, लहानग्यांचं दर महिन्याला, आणि तो तक्ता बाल कल्याण समितीपुढे ठेवावा. ठरावीक बाळांना ठरावीक आयाच भरवील अशा पाळ्या लावाव्यात, आणि त्यासाठी आया वाढवाव्यात. दात्यांनी एका जेवणाऐवजी एका आयेचा वर्षाचा पगार उचलावा. आणि मुळात, आश्रमांतल्या कित्येक मुलांची आई किंवा वडील हयात असतात; गरिबीने ती तिथे पोचतात. संस्था हा शेवटचा उपाय, असं २०१५चा बाल न्याय कायदाच सांगतो. आपल्या बालसंगोपन योजनेत घरी वाढणाऱ्या मुलामागे मिळणारी रक्कम आता २२५० रुपये आहे. ती संस्थेतल्या मुलाच्या ३००० रुपयांहून कमी का, याचं उत्तर शासनाने द्यावं.

संस्थांच्या वार्षिक अहवालात किती पंगती उठल्या ते छापलेलं असतं. त्याच पानावर वर्षभरात किती मुलं किती सेंटिमीटरने वाढली, तेही छापा. तोवर आमच्याकडे अन्नाला तोटा नाही, हे विधान कुणी पुरावा म्हणून पुढे करू नये.