पाचशेच्या चिपने गाडीचं ॲव्हरेज वाढतं का? आत सापडले नुसते दिवे

मेकॅनिक स्टिअरिंगखालच्या ज्या सॉकेटला स्कॅनर लावतो, तिथेच ही चिप खोचायची. 'दीड-दोनशे किलोमीटर चालवा, पॉवर आणि ॲव्हरेज आपोआप वाढेल,' असा विकणाऱ्यांचा दावा.

२०१७ मध्ये फ्रान्सच्या क्वार्क्सलॅब कंपनीने अशीच 'नायट्रो ओबीडी २' चिप उघडून बघितली. आत एक बटण, साधी मायक्रोचिप आणि तीन एलईडी. गाडीच्या कॉम्प्युटरशी, म्हणजे ईसीएमशी बोलायला लागणारा भागच नव्हता. डिझेल स्विफ्टला लावली, तर एकही मेसेज गेला नाही. दिवे तेवढे लुकलुकत होते.

खरं रिमॅपिंग वेगळं. त्यात ईसीएममधला प्रोग्रामच बदलतात. टर्बो डिझेलला फरक पडतो, पण खर्च हजारांत आणि वॉरंटी जायची भीती.

मग काहींना फरक जाणवतो तो कसा? खिशातून पैसे गेले की पाय ॲक्सिलरेटरवर जरा जपूनच पडतो! खात्री करायची तर टाकी फुल्ल करून, त्याच रस्त्यावर, चिप लावून आणि काढून दोन्ही वेळा मोजा.

आणि एक. या सॉकेटला चावी काढल्यावरही बॅटरीचा करंट असतो. आठ-आठ दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीत ती खोचून ठेवू नका.