हॉटेलातला गोंगाट

परवा मी एका जुन्या मित्राबरोबर हॉटेलात जेवायला गेलो होतो. भिंतीवरचा टीव्ही मोठ्याने चालू होता. त्यातच स्पीकरवर गाणी लावली होती. आम्ही ओरडून डाळ-रोटी मागवली. वेटरने वाकून, कान पुढे करून ऐकले. तरी आणले भलतेच! मित्र त्याच्यावर रागावला. वेटर बिचारा मुकाट्याने ताटे परत घेऊन गेला. पण खरेच, चूक त्याची होती का?

हॉटेलात इतका गोंगाट का होतो? गुळगुळीत फरशी, काचा आणि आरसे आवाज शोषून घेत नाहीत. आवाज त्यांच्यावर आदळून परत येतो. दुसरे कारण आपण स्वतःच आहोत. आजूबाजूला आवाज वाढला, की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली ही गोष्ट दाखवून दिली. एका टेबलावरचे लोक मोठ्याने बोलतात, म्हणून शेजारचे आणखी मोठ्याने बोलतात.

काही मालक म्हणतात, "गाण्यांशिवाय गिऱ्हाईक येत नाही." गाणी जरूर असावीत, पण शेजारी बसलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येईल, इतपतच त्यांचा आवाज असावा.

आपण अर्ध्या तासात उठून जातो. वेटर मात्र दिवसभर त्या गोंगाटात राबतो. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तासांपेक्षा जास्त राहणे कानांना धोक्याचे मानतात. आवाज ३ डेसिबलने वाढला, की ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८८ डेसिबलला चारच तास! अशा आवाजाने ऐकण्याची शक्ती हळूहळू कमी होते. ते लवकर लक्षात येत नाही आणि गेलेली शक्ती सहसा परत येत नाही.

यावर उपाय अवघड नाहीत. मालकांनी जाड पडदे लावावेत, खुर्च्यांच्या पायांना रबर बसवावे, टीव्ही आणि गाणी एकाच वेळी लावू नयेत. आपणही हळू बोलावे आणि "भाऊ, आवाज जरा कमी करता का?" असे नम्रपणे विचारावे.

त्या दिवशी मी हे विचारले नाही. वेटरवर रागावणे आम्हांला सोपे वाटले. पुढच्या वेळी मी नक्की विचारीन. तुम्हीही विचारा.