नाल्यांनी कधी जुळवून घ्यायचं?

‘खाडीच्या चिखलात हवा मिळत नव्हती, म्हणून तिवराने मुळं वर काढली.’ ठाणे खाडीकाठच्या शाळेत जीवशास्त्र शिकवताना हे उत्तर मला दरवर्षी वाचायला मिळायचं. मी गुण कापायची, मुलं वाद घालायची आणि तो वाद मी मुद्दाम लांबू द्यायची. कारण तिवराने काहीच ठरवलेलं नसतं. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. ज्या रोपांची मुळं योगायोगाने जरा वर आली ती तगली, त्यांनी बी धरलं, बाकीची गुदमरली. असंख्य पिढ्या हेच चाललं. आज ओहोटीला चिखलातून पेन्सिलींसारखी उभी दिसणारी श्वसनमुळं, पानांवाटे बाहेर टाकलेलं मीठ, झाडावरच रुजून मग खाली पडणारं कांदळाचं रोप, या सगळ्यामागे न जगलेल्यांची अफाट संख्या आहे. आणि एवढी किंमत मोजूनही जुळवून घेण्याच्या या क्षमतेला मर्यादा असतेच. त्याच श्वसनमुळांवर डेब्रिजचे ट्रक रिकामे केले, की उभं झाड मरतं.

जुळवून घेणं नाटकातही असतं, पण नाटकातलं रूपांतर अगदी वेगळं. तिथे कुणीतरी जाणतेपणी निवड करतं. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांड्यांनी १९७५ साली ‘ती फुलराणी’ रंगभूमीवर आणलं. लंडनच्या रस्त्यावरची बोली जशीच्या तशी मराठीत येणं शक्यच नव्हतं. पण बोलण्यावरून माणसाची पायरी ठरवायची खोड आपल्याकडेही चांगलीच मुरलेली. ‘न’ आणि ‘ण’च्या घोटाळ्याला हसणारे आपल्याच घराघरांत. पुलंनी नेमकी ती खोड पकडली आणि भक्ती बर्वेंनी उभी केलेली नायिका मंजुळा इथल्याच मातीतली झाली. काय राखायचं, काय टाकायचं, हे सर्वस्वी पुलंच्या हातात होतं. मला असं नाटक मनापासून आवडतं ते या मोकळिकीमुळे. फसलं तर प्रयोग पडतो, कुणाचा जीव जात नाही.

रोजच्या जगण्यात मात्र आपण सोयीस्कर गल्लत करतो. सामान्य माणसाला पुलंइतकी मोकळीक आहे असं धरून चालतो, आणि भोग त्याच्या वाट्याला येतात ते तिवराचे.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईत शेकडो माणसं गेली. लोक छातीभर पाण्यातून चालत घरी पोचले, अनोळखी माणसांना लोकांनी घरात घेतलं, चहा दिला, कोरडे कपडे दिले. त्या माणुसकीचा मला आजही अभिमान वाटतो. राग येतो तो नंतर सुरू झालेल्या ‘मुंबई स्पिरिट’च्या गजराचा. शहराची जुनी पर्जन्यजल व्यवस्था तासाला साधारण २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेईल एवढ्याच ताकदीची होती. ती दुप्पट करा, असं ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने १९९३ सालीच सांगितलं होतं. पूर आला तेव्हा त्यातली बरीच कामं व्हायची होती. ९४४ मिलिमीटर पाऊस रुंद केलेल्या नाल्यांनीही पेलला नसता, हे मान्य. पण त्याच्या कितीतरी कमी पावसात हिंदमाता आणि सायनला गुडघाभर पाणी साचतंच आलं आहे. अशा प्रत्येक वेळी जुळवून घेतलं ते मोलकरणीने, डबेवाल्याने, परीक्षेला निघालेल्या माझ्या विद्यार्थ्यांनी. चप्पल हातात घेऊन रुळांवरून चालणाऱ्या मुलीने ती वाट निवडलेली नसते. नाल्याची रुंदी, पंपांची संख्या, मिठी नदीच्या काठावर काय बांधू द्यायचं, ही निवड ज्यांच्या हातात आहे त्यांच्यावर मात्र बदलायची वेळच येत नाही. लोकांनी सोसलं की त्यांचं भागतं.

म्हणून येत्या पावसाळ्यात कुणी कॅमेऱ्यासमोर मुंबईकरांच्या चिवटपणाचं कौतुक करू लागलं, तर त्यांना तिथेच थांबवून विचारायला हवं: तुमच्या वॉर्डातला नाला आज तासाला किती पाऊस वाहून नेतो? भरतीच्या वेळी पाणी उपसायला किती पंप आहेत, आणि त्यातले आत्ता या घडीला चालू किती?