पीएच.डी.चा अभ्यास आणि अंगावर काढलेली दुखणी

आमचे पिंपळगाव रेणुकाई मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. हल्ली मिरचीच्या गाड्यांबरोबर गावातली मुलेही बाहेर पडू लागली आहेत. कुणी छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात एम.एस्सी.ला, कुणी पुण्याला, आणि त्यातली काही पुढे पीएच.डी.ला. घरात पहिल्यांदाच कुणी इतके शिकते आहे, याचा आनंद मोठा असतो. ही मुले सणासुदीला गावी आली की त्यांतली बरीचशी माझ्या दवाखान्यात डोकावतात. तक्रारी ठरलेल्या: छातीत जळजळ, मान आणि कंबर धरणे, डोके दुखणे, झोप न लागणे. तपासून पाहिले तर मोठा आजार क्वचितच सापडतो. माझ्या मते या दुखण्यांचे मूळ एका गैरसमजात आहे. ही मुले पीएच.डी.ला दहावी-बारावीसारखी एक मोठी परीक्षा समजतात. चार महिने जागायचे, पोटाकडे पाहायचे नाही आणि एकदाचे सुटायचे.

पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षे लागतात आणि मुदत सहा वर्षांची असते. पुन्हा नोंदणी करून ती आणखी दोन वर्षे वाढवता येते. महिलांना आणि चाळीस टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांना त्यापुढेही सवलत आहे. सहा वर्षे जागरण करून कुणाचे शरीर टिकेल? आपल्या भागातल्या माणसाला हे समजावणे खरे तर सोपे आहे. गहू एकदा काढला की शेत मोकळे. मिरचीचे तसे नसते, तोड्यामागून तोडा चालतो. पहिल्या तोड्यालाच झाड ओरबाडले तर पुढे हाती काय लागणार? संशोधनाचे पीक मिरचीच्या जातीचे आहे.

जागरणाचा विषय निघाला की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण हमखास दिले जाते. त्यांच्या जयंतीला अनेक ठिकाणी अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. एक दिवसाचे अभिवादन म्हणून तो मला आवडतो. मात्र तोच रोजचा नेम करू पाहणाऱ्या मुलांना मी बाबासाहेबांच्या चरित्रातली दुसरी बाजू सांगतो. १९१६ मध्ये ते लंडनला शिकू लागले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंधही परीक्षकांनी आधी दुरुस्तीसाठी परत पाठवला होता. तो सुधारून दिल्यावर १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. मध्ये खंड पडला म्हणून किंवा प्रबंध परत आला म्हणून त्यांचे शिक्षण संपले नाही. गाइडने एक प्रकरण लाल शाई मारून परत दिले की आठ दिवस अन्न गोड न लागणाऱ्या मुलांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

झोपेबद्दल माझे मत पक्के आहे. सात तास झोप हवीच. दिवसभर वाचलेले डोक्यात पक्के होण्याचे काम झोपेत चालते. त्यामुळे झोप तोडून वाचणे म्हणजे एका हाताने पेरून दुसऱ्या हाताने उपटणे. संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी बंद करावी, कारण तिचा अंमल पाच-सहा तास सहज राहतो. लिहिण्याचे काम डोके ताजे असताना, सकाळी दोन-तीन तास रोज करावे. रोज एक पान लिहिणाऱ्याला शेवटच्या महिन्यात घाम फुटत नाही.

आता पोट. सकाळी नुसता चहा, दुपारी मेस चुकली म्हणून वडापाव, रात्री पुन्हा चहा, आणि डोके दुखले की रिकाम्या पोटी मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी. यावर जळजळ होणार नाही तर काय होईल? खोलीवर शेंगदाणे, फुटाणे, गूळ ठेवावा. घरून येताना ज्वारीचे पीठ आणण्यात कमीपणा कसला? मुलींसाठी वेगळे सांगतो. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले आहे. सतत थकवा येत असेल तर आळशीपणाचा दोष स्वतःला देण्याआधी रक्त तपासावे. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, अन्नातले लोह त्यामुळे अंगी लागत नाही. जेवताना लिंबू पिळावे.

मेस चुकण्यामागे पुष्कळदा पैसा असतो. शिष्यवृत्तीची रक्कम महिनोन्महिने थकते आणि पहिली कात्री जेवणाला लागते. म्हणून रक्कम हातात पडली की नव्या मोबाइलच्या आधी तीन महिन्यांच्या मेसचे पैसे बाजूला काढावेत.

मनाचे दुखणे मात्र कुणी आपणहून सांगत नाही. २०१८ मध्ये 'नेचर बायोटेक्नॉलॉजी' या नियतकालिकात २६ देशांतल्या २,२७९ पदव्युत्तर आणि पीएच.डी. विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात ३९ टक्के जणांत मध्यम ते तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली. ज्यांना त्रास होता त्यांनीच ती प्रश्नावली जास्त भरली असेल, असे म्हणता येईल. तरी आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. गाइडशी संबंध चांगले नसलेल्या मुलांत हा त्रास अधिक दिसला, हेही त्यात होते. आपल्याकडे काही मुलांना सरांच्या घरचा गॅस आणण्यापासून कामे करावी लागतात. त्यावर मुलांनी काय करावे? महिन्यातून एकदा काम लेखी दाखवावे, काय ठरले ते तारखेसह वहीत लिहावे. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते, तिथे अडचण स्पष्ट बोलावी. मुलींना बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. ती मागायला संकोच नको.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, कशातच रस न उरणे, झोप-भूक बिघडणे, जगणे नकोसे वाटणे, यांतले काही असेल तर डॉक्टरांना भेटावे. जगणे नकोसे झाले असेल तर दोन आठवडेही थांबू नये. 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फुकट बोलता येते आणि मराठीत बोलता येते.

आई-वडिलांनाही एक विनंती. पोरगा दिवाळीला आला की ओसरीवर बसलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, "कधी संपायचं तुझं? नोकरीचं काय?" त्याचे उत्तर त्याच्याजवळही नसते. पुढच्या सणाला मग तो कामाचे निमित्त काढून गावी येणे टाळतो. त्यापेक्षा "जेवतोस का वेळेवर?" एवढे विचारा, आणि जाताना शेंगदाण्याच्या चटणीचा डबा बांधून द्या.